गोंडीला अक्षर मिळाले, तेव्हा ऑर्कुट उरले नव्हते

माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या डोंगरात, गोंड समाजाची मोठी जत्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही भाविक येतात. शंभूने गुहेत कोंडलेल्या मुलांची लिंगो आणि जंगो यांनी येथेच सुटका केली, अशी श्रद्धा आहे. गोटुलाची परंपराही याच लिंगोकडून आली, असे मानले जाते. गाणे, नाच, खेळ आणि सोबत्यांची ओळख, हे सारे गोटुलाच्या एकाच अंगणात होत असे.

मैत्री आणि खेळाची हीच सांगड इंटरनेटवर घालण्याचा मोठा उद्योग विसाव्या शतकानंतरच्या पहिल्या दशकात उभा राहिला. गुगलचे 'ऑर्कुट' हे संकेतस्थळ जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले. आरंभी तेथे निमंत्रणावाचून प्रवेश नव्हता. ब्राझील व भारतात ते विशेष रुजले. मित्राच्या पानावर 'स्क्रॅप' लिहायचा, आवडीच्या 'कम्युनिटी'त सामील व्हायचे, एवढाच प्रारंभीचा व्यवहार. पुढे नोव्हेंबर २००७ मध्ये गुगलने 'ओपनसोशल' ही व्यवस्था जाहीर केली आणि बाहेरच्या कंपन्यांचे खेळ अशा संकेतस्थळांवर येण्याचा मार्ग मोकळा झाला. फेसबुकवर २००९ मध्ये आलेल्या 'फार्मव्हिल'ने तर कळस केला. शेजारी जितके अधिक, तितकी शेती पुढे सरकणार, अशी त्याची रचना. साहजिकच केवळ खेळापुरते मित्र जोडणारेही निघाले. मैत्रीची ही नवी व्याख्या किती जणांना रुचली असेल, कोण जाणे!

ऑर्कुटची एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. ते मराठीतूनही वापरता येत असे. देवनागरीला संगणकात आधीच स्थान मिळालेले असल्याने मराठीचा मार्ग सोपा होता. गोंडीचे तसे नव्हते. २०११ च्या जनगणनेनुसार ही भाषा बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार. पण ते अनेक राज्यांत विखुरलेले. महाराष्ट्र, मध्य प्रदेशात ती देवनागरीत लिहिली जाते, तर तेलंगणात तेलुगू लिपीत. कचारगडला भेटल्यावर जे दोघे गोंडीत बोलू शकतात, त्यांना घरी परतल्यावर एकमेकांचा लिखित मजकूर वाचता येईलच असे नाही. लिपीच वेगळी असेल, तर मित्रांची यादी कितीही लांबवून काय उपयोग?

गोंडीची स्वतःची लिपी नाही, असेही नव्हे. गोंदियाच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये एक लिपी तयार केली. तेलंगणातील आदिलाबाद भागात गुंजाला गावी सापडलेल्या हस्तलिखितांतून दुसरी लिपी पुढे आली. परंतु संगणकांना अक्षरे ओळखता यावीत यासाठी युनिकोड या जागतिक प्रमाणात प्रत्येक अक्षराला क्रमांक मिळावा लागतो. तो नसेल, तर एका संगणकावर लिहिलेले दुसऱ्यावर वाचता येईल याची शाश्वती राहत नाही. मसराम गोंडीला हे स्थान २०१७ मध्ये, तर गुंजाला गोंडीला २०१८ मध्ये मिळाले. ऑर्कुट त्यापूर्वीच, ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले होते. फार्मव्हिलचा मूळ खेळ ज्या फ्लॅश तंत्रावर चालत असे, त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि तो खेळही त्याच दिवशी थांबला.

लिपीची अडचण टाळून पुढे गेलेला एक प्रयत्न छत्तीसगडमध्ये झाला. 'सीजीनेट स्वर' या २०१० च्या सेवेत साध्या फोनवरून निरोप ध्वनिमुद्रित करता येत असे आणि तो इतरांना ऐकता येई. त्यात गोंडीलाही स्थान होते. बोलीभाषेसाठी ही वाट अधिक सरळ होती.

आता गुगलच्याच 'नोटो' संचात दोन्ही गोंडी लिप्यांचे टंक उपलब्ध आहेत. पण युनिकोडच्या दृष्टीने या दोन स्वतंत्र लिप्या आहेत. एकीत लिहिलेला शब्द दुसरीत शोधला, तर नुसत्या अक्षरजुळणीने तो सापडत नाही. बालाघाटची लिपी घ्यावी, गुंजालाची घ्यावी, की देवनागरीच चालवावी, याचा निर्णय कोणतीही कंपनी करू शकत नाही. तो कचारगडला जमणाऱ्यांनाच करावा लागणार आहे.