ताईची पाठ आणि सरकारी विमा

बडोद्यातील आपल्या मराठी वस्तीत ज्या घरचे कोणीच अमेरिकेत नाही, असे घर आज शोधावेच लागेल. पूर्वी मुले परदेशी जात आणि आईवडील दांडिया बाजारातल्या माडीवर पत्राची वाट पाहत बसत. आता उतारवयात आईवडीलही मुलांकडे कायमचे राहावयास जातात. माझी थोरली ताई, भावोजी गेल्यानंतर, अशीच न्यू जर्सीला आपल्या मुलाकडे गेली. २०२५ च्या उन्हाळ्यात मी महिनाभर तिच्याकडे होते. एके सकाळी वाचनासाठी पोथीचे बासन सोडले, तो आत कागदांची एक जाड घडी निघाली. ती सारी ताईच्या पाठदुखीच्या उपचारांची बिले होती.

"अगं, पाठ माझी, दुखणं माझं. त्याचा भुर्दंड पोराला कशाला?" ताई खाली मान घालून म्हणाली. इकडून नेलेल्या साठवणीतून ती गुपचूप पैसे भरीत होती. सरकारी विमा असताना बिले का येतात, हे तिला उमगत नव्हते, आणि विचारण्याचा तिला संकोच वाटत होता. पुढे आठ दिवस आम्ही दोघींनी ती बिले समोर ठेवून जे समजून घेतले, ते येथे सांगते. आपल्यापैकी अनेकांचे आप्त तिकडे आहेत, त्यांना ते उपयोगी पडावे.

ताई ज्यांच्याकडे जात होती ते कायरोप्रॅक्टर. १८९५ साली आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी ही पद्धती सुरू केली. हातांनी मणक्यांवर नेमका दाब अथवा झटका देऊन ते मोकळे करावयाचे, हे तिचे मुख्य अंग. आपल्याकडच्या हाडवैद्याची आठवण यावी असे हे काम. मात्र तेथे त्यासाठी स्वतंत्र महाविद्यालये आहेत आणि राज्याचा परवाना घ्यावा लागतो.

मेडिकेअर हा तेथील वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा. अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ साली त्याच्या कायद्यावर सही केली. पासष्टी उलटलेल्या ग्रीन कार्डधारकास, तेथे सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावर, दरमहा हप्ता भरून त्यात सामील होता येते. ताईने तसेच केले होते. डॉक्टरांच्या भेटी व बाह्योपचार ज्यात मोडतात त्या विभागास 'पार्ट बी' म्हणतात. २०२५ साली त्याचा सर्वसाधारण मासिक हप्ता १८५ डॉलर होता. शिवाय वर्षाच्या आरंभी पहिले २५७ डॉलर रुग्णाने स्वतः भरावयाचे, आणि त्यापुढे मान्य रकमेच्या ८० टक्के विमा देणार व २० टक्के रुग्ण देणार, अशी वाटणी. हप्ता व ही आरंभीची रक्कम दरवर्षी बदलते.

कायरोप्रॅक्टिकचा समावेश या विम्यात १९७२ सालच्या कायदादुरुस्तीने झाला. पण तो एका अरुंद दारातून. मणका जागेवरून किंचित ढळला असेल किंवा त्याची हालचाल नीट होत नसेल, तर तो हातांनी ठीक करणे, एवढ्याच एका कृतीचे पैसे मेडिकेअर देते. या दोषास तेथे 'सबलक्सेशन' म्हणतात. कायरोप्रॅक्टरने काढवलेला एक्स-रे, त्याची तपासणी, मालीश, विजेचा शेक यांपैकी कशाचेही पैसे विमा देत नाही. उदाहरणार्थ, मणक्यावरील उपचाराची मान्य रक्कम ४० डॉलर असेल, तर ३२ विमा देईल आणि ८ आपण. परंतु त्याच भेटीत मालीश आणि एक्स-रे झाला, तर तो सारा खर्च आपल्याच अंगावर. ताईच्या पहिल्या बिलात चार कलमे होती. विम्यात बसणारे त्यांपैकी एकच.

एवढ्यावर भागत नाही. विमा पैसे देतो ते सुधारणा घडविणाऱ्या उपचाराचे. दुखणे उतरणीला लागले आहे, हालचाल वाढते आहे, असे कायरोप्रॅक्टरने नोंदवावे लागते, आणि बिलावरील क्रमांकापुढे 'एटी' ही दोन अक्षरे लिहावी लागतात. (हे क्रमांक ९८९४०, ९८९४१ व ९८९४२ असे असतात; पाठीचे किती भाग हाताळले त्यावरून ते ठरतात.) सुधारणा थांबली आणि प्रकृती केवळ आहे तशी राखण्यासाठी उपचार चालू राहिले, तर विमा हात आखडता घेतो. ताईची पाठ पहिल्या दोन महिन्यांत बरीच हलकी झाली. पुढे ती 'बरं वाटतं' म्हणून दर आठवड्यास जात राहिली. त्या सगळ्या भेटी विम्याबाहेर गेल्या.

"पण मला कोणी सांगितलंच नाही!" ताई म्हणाली. कागद चाळताना मात्र एक छापील पत्रक निघाले आणि त्याखाली ताईची वळणदार मराठी सही! त्या पत्रकास 'अ‍ॅडव्हान्स बेनिफिशरी नोटीस' म्हणतात. अमुक उपचाराचे पैसे मेडिकेअर बहुधा देणार नाही, याची ती आगाऊ सूचना. तिच्यात अंदाजे खर्च असतो आणि तीन पर्याय असतात: उपचार हवा, पण बिल मेडिकेअरकडे पाठवा, उपचार हवा, बिल पाठवू नका, किंवा उपचारच नको. पहिला पर्याय निवडणाऱ्यास विम्याच्या नकाराविरुद्ध दाद मागता येते. प्रकृती राखण्यासाठी मणक्यांवर उपचार करताना अशी सूचना दिलीच नसेल, तर त्याचे पैसे सामान्यतः रुग्णाकडून घेता येत नाहीत. ताईने मात्र काउंटरवरच्या मुलीने बोट ठेवले तेथे न वाचता सही केली होती, तीही दुसऱ्या पर्यायाखाली. त्यामुळे ते पैसे गेले ते गेलेच.

मेडिकेअरकडून दर काही महिन्यांनी हिशेबाचे एक पत्र येते. हे बिल नव्हे, असे त्यावर छापलेले असते. म्हणूनच ताई ती पत्रे न उघडता ठेवून देत असे. वस्तुतः कोणते कलम मंजूर झाले, कोणते नामंजूर आणि का, हे त्यातच कळते. ते हाती आल्यापासून १२० दिवसांत पहिली दाद मागता येते.

अखेरीस आम्ही हे सारे भाच्यापुढे ठेवले. तो रागावला नाही, बराच वेळ कागद चाळीत बसला आणि म्हणाला, "आई, तुझी पाठ इतकी दुखते, हेच मला ठाऊक नव्हतं." दुसऱ्या दिवशी तो तिला त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी हाडांची घनता तपासून घेतली आणि फिजिओथेरपी लिहून दिली. फिजिओथेरपीस नियम निराळा आहे: तज्ज्ञाचे कौशल्य आवश्यक असेल, तर प्रकृती आहे तशी राखण्यासाठीही मेडिकेअर तिचे पैसे देते. कमरेच्या जुनाट दुखण्यावर अ‍ॅक्युपंक्चरचा खर्चही २०२० पासून काही अटींवर मिळतो, परंतु कायरोप्रॅक्टिकच्या सवलतीशी त्याचा संबंध नाही.

येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. हाडे ठिसूळ झाली असतील, पूर्वी कर्करोग झाला असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर मणक्यांवर झटका घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पायाला बधिरपणा आला, ताप आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर विम्याचा विचार न करता तातडीने रुग्णालय गाठावे.

मेडिकेअरऐवजी खाजगी कंपनीमार्फत 'मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज' घेतलेल्यांस कधी अधिक भेटी मिळतात. पण कंपनीच्या यादीतील कायरोप्रॅक्टर आणि पूर्वपरवानगी यांची चौकशी आधी करावी. नुसत्या भेटीसाठी, पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडिलांना मेडिकेअर लागू नाही, हेही ध्यानात असावे.

तिकडे असलेल्या वडीलधाऱ्यांनी टेबलावर पालथे पडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: आज काय काय करणार? त्यातले विम्यात काय बसते? माझ्या खिशातून किती जाईल? इंग्रजी अडखळत असेल, तर मुलाला अथवा सुनेला बरोबर न्यावे. आणि मुलांनीही आईवडिलांची टपाले त्यांच्याशेजारी बसून उघडावीत.

परवा ताईचा फोन आला. पाठ अजून दुखते, पण व्यायाम नेमाने चालू आहे. पोथीच्या बासनात आता पोथीच असते. बिले फ्रिजच्या दारावर, सगळ्यांना दिसतील अशी लावलेली असतात.