लगोरी फोडणारे यंत्र : चेंडू फेकण्याच्या यंत्ररचनेतील एक प्रश्न

गिरगावातील चाळींच्या अंगणांत लगोरीचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांस त्यातील पहिल्या नेमाचे महत्त्व सांगावयास नको. कौलाच्या किंवा शहाबादी फरशीच्या तुकड्यांची एकावर एक रचलेली उतरंड चेंडूने फोडावयाची, आणि प्रतिपक्षाचा चेंडू अंगावर बसण्यापूर्वी ती पुन्हा लावावयाची, एवढाच ह्या खेळाचा व्याप. नवशिका खेळाडू सारे बळ एकवटून चेंडू मारतो. लगोरी फुटते खरी, पण तुकडे जिन्यापर्यंत उधळतात आणि ते गोळा करता करता त्याचा पक्ष बाद होतो. मुरलेला गडी लगोरी पाडतो, उधळीत नाही. हा भेद मनुष्याच्या हाताला सवयीने साधतो. तोच यंत्राकडून साधून घ्यावयाचा म्हटले म्हणजे काय काय प्रश्न उभे राहतात, हे पाहण्याची संधी २०२२ साली आली.

आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन ही नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांची संघटना २००२ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘रोबोकॉन’ ही यंत्रमानवांची स्पर्धा भरवीत आली आहे. यजमान देशाने आपल्याकडील एखादा खेळ, सण वा चालरीत घेऊन तीवर त्या वर्षीचा सामना बेतावा, असा तिचा प्रघात. २००८ साली स्पर्धा पुण्यास झाली तेव्हा गोविंदा व दहीहंडी ह्यांची कल्पना योजली होती. २०१८ साली व्हिएतनाममधील निन्ह बिन्ह येथे, उंच काठीवरील कड्यातून चेंडू आरपार नेण्याचा ‘नेम कोन’ हा तेथील लोकखेळ निवडला गेला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या स्पर्धेचा विषय लगोरी हा होता. पाच चकत्यांची, वर निमुळती होत गेलेली उतरंड. ती फोडणाऱ्या पक्षाचे दोन यंत्रमानव, एक चेंडू मारणारा व दुसरा चकत्या पुन्हा रचणारा. आणि रचणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलेला चेंडू पाडू पाहणारा प्रतिपक्षाचा यंत्रमानव, अशी त्याची मांडणी होती. चाळीतील मुरलेल्या गड्याची अडचण येथे जशीच्या तशी उतरली, कारण फोडलेली प्रत्येक चकती आपल्याच जोडीदारास उचलावी लागणार होती.

चेंडू फेकणाऱ्या कोणत्याही यंत्राच्या बाबतीत एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. चेंडू यंत्रापासून सुटला की यंत्राचा त्यावरील अधिकार संपतो. तोवर त्याला मिळालेला वेग, त्याची दिशा आणि त्याची फिरकी, ह्या तिहींनी पुढील सारे ठरून जाते. उरलेला प्रवास गुरुत्वाकर्षण व हवा ह्यांच्या हाती. म्हणून फेकयंत्राची गुणवत्ता ते किती जोराने फेकते ह्यावरून मोजावयाची नसते. दहा वेळा फेकले असता दहाही वेळा ते सारखेच फेकते की नाही, हा खरा प्रश्न. जोर वाढविणे सोपे आहे. मोठी मोटर बसविली की तो वाढतो. सारखेपणा मात्र विकत मिळत नाही.

हा प्रश्न मुंबईला नवा नव्हे. लालबाग-परळच्या कापडगिरण्यांतील धोट्याचा माग हे फेकयंत्रच होते, आणि तेही मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा फेकणारे. ताण्याच्या दोन फळ्यांमध्ये उघडलेल्या फटीतून लाकडी धोटा ह्या पेटीतून त्या पेटीत जावयाचा, आणि ती फट मिटण्याच्या आत पोहोचावयाचा. दोनशे फेकींच्या हिशेबाने प्रत्येक फेकीच्या वाट्यास ०.३ सेकंद येतात, व त्यांपैकी प्रत्यक्ष तडाख्याचा काळ अगदी थोडा. फिरत्या दांड्यावरील कॅम ठरल्या क्षणी एका लाकडी दांड्यास झटका देई, आणि दांड्याच्या टोकाचा चामडी ठोकळा धोट्यास पुढे ढकली. तडाखा कमी पडला तर धोटा ताण्यात अडकून शेकडो धागे तुटत. अधिक झाला तर तो समोरच्या पेटीत आपटून मागे उसळे. वाकडा बसला तर धोटा मागाबाहेर उडून कामगारास इजा होई. साचाखात्यातील जाणत्या माणसांचा अर्धा अनुभव ह्या एका तडाख्याभोवती गोळा झालेला असे. म्हशीच्या कातड्याचे ते ठोकळे तेलात मुरवून वापरीत आणि झिजले की बदलीत. कारण ठोकळ्यास खळगा पडला की धोट्याची दिशा बदले. शिवाय, पेटीत धोटा किती घट्ट धरला गेला आहे ह्यावरही पुढची फेक अवलंबून असे. फेकीची सुरुवात तडाख्याच्या क्षणी होते असे वरवर वाटते. वस्तुतः ती वस्तू फेकयंत्रात बसते कशी, येथूनच होते. ह्याच गिरण्यांच्या मुलखाला लागून, माटुंग्यास, १८८७ साली स्थापन झालेली आणि १९२३ साली भायखळ्याहून तेथे आलेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्था, उभी आहे. वस्त्रविद्या हा तिच्या जुन्या शिक्षणक्रमांपैकी एक, आणि आज तिचे विद्यार्थी रोबोकॉनमध्ये उतरतात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, त्यामुळे धोट्याचा माग ह्यांतील फारच थोड्यांनी चालताना पाहिला असेल. त्यांची खरेदी नागदेवी स्ट्रीटवरील बेअरिंगांची आणि लॅमिंग्टन रोडवरील विद्युत्‌साहित्याची असते. परंतु ज्या अडचणीशी ते झुंजतात ती साचाखात्यातलीच होय.

फेकण्याच्या क्रियेचे प्रकार मराठी भाषेने पूर्वीपासून वेगळे ठेवले आहेत. यंत्ररचनेचे वर्गीकरणही त्याच रेषांवरून जाते, ही गोष्ट भाषाभ्यासकास कुतूहलाची वाटावी. चेंडू ‘टोलवला’ म्हणजे क्षणभर स्पर्श करून त्यास आघात दिला. विटीदांडूतील दांडू हेच करतो, आणि २०२० च्या, फिजीतील सुवा येथे योजलेल्या रग्बीच्या विषयात चेंडूला लाथ मारणाऱ्या यंत्राकडून हेच अपेक्षित होते. दगड ‘भिरकावला’ म्हणजे हात वा गोफण वर्तुळाकार फिरवून योग्य क्षणी तो मोकळा केला. बाण ‘सोडला’ म्हणजे ताणून साठविलेली शक्ती अडसर काढून मुक्त केली. बेचकी ह्याच जातीची. टोलवण्यात स्पर्शाचा काळ इतका अल्प असतो की चेंडू केसभर जरी हलून बसला तरी दिशा बिघडते. भिरकावण्यात सारी मदार सुटण्याच्या क्षणावर. हात जितका वेगाने फिरतो तितकी क्षणाची चूक महाग पडते. म्हणून तेथे हात एका भक्कम अडणीवर आपटून थांबवितात व चेंडू आपल्या गतीने पुढे निघतो. अडणी कोनाचे काम घड्याळापेक्षा अधिक विश्वासाने करते. सोडण्यात शक्ती आधीच मोजून भरता येते हा लाभ. पण रबर वारंवार ताणल्याने सैल पडते, आणि दाबाखालील हवा वापरली तर टाकी रिती होत जाते तसा दाब उतरतो व फेक आखडते. हवेच्या दाबाची मर्यादा स्पर्धेच्या नियमांनी घातलेली असल्यामुळे टाकीत अधिक दाब भरून ही उणीव झाकता येत नाही. दाब-नियंत्रक बसवून फेकीच्या नळकांड्यात तो टाकीतल्याहून कमी पण स्थिर राखणे हाच मार्ग उरतो.

चौथा प्रकार मात्र असा आहे की त्यास जुने क्रियापद नाही. फिरत्या चाकांच्या मध्ये चेंडू ढकलला की चाके त्यास ओढून घेतात व पलीकडून बाहेर टाकतात. विद्यार्थी ह्यास सरसकट ‘शूटर’ म्हणतात. रसवंतीगृहातील चरक डोळ्यांपुढे आणला तर कल्पना लवकर येते. ऊस पलीकडे सावकाश निघतो, चेंडू वेगाने, एवढाच फरक. आजच्या स्पर्धांत ही रचना फार वापरली जाते, आणि तिच्यातील गुणदोष नीट पाहण्याजोगे आहेत.

दोन सारखी चाके समोरासमोर, उलट दिशांनी, एकाच वेगाने फिरत असतील, तर चेंडू न घसरता जाताना चाकाच्या कडेच्या वेगानेच बाहेर पडतो व त्यास फिरकी मिळत नाही. एकच चाक व समोर स्थिर कमान असेल, तर चेंडू कमानीवरून गडगडत जातो. त्याच्या मध्याचा वेग कडेच्या वेगाच्या निम्मा राहतो, आणि चाक खालच्या अंगास असेल तर त्यास उलटी फिरकी बसते. १० सेंमी व्यासाचे चाक मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर कडेचा वेग सेकंदास सुमारे १५.७ मीटर होतो. एकचाकी रचनेत चेंडूस ७.८५ मीटर मिळतो, आणि हवेचा विरोध सोडल्यास ४५ अंशांच्या कोनात तो सुमारे ६.३ मीटर दूर पडतो.

येथवर सर्व सरळ आहे. अडचण दुसऱ्या चेंडूपाशी सुरू होते. २०० ग्रॅम वजनाचा चेंडू ह्या वेगाने निघाला की ६ जूलांहून किंचित अधिक गतिज ऊर्जा घेऊन जातो, आणि फिरकी व घसरण ह्यांत जवळजवळ तितकीच आणखी खर्च होते. सुमारे १ किलोग्रॅम वस्तुमान सगळे कडेवर असलेल्या त्या चाकात साठलेली ऊर्जा १२० जूलांच्या आसपास असते. म्हणजे एका फेकीत दहावा भाग गेला, चाकाचा वेग सुमारे ५ टक्क्यांनी उतरला, आणि दुसरा चेंडू लगोलग दिला तर तो अर्ध्या मीटरहून अधिक अलीकडे पडणार. चाक जड करावे तर ते पूर्ववत वेगास यावयास वेळ घेते. हलके करावे तर उतार वाढतो. चाकाचे फेरे मोजून, ठरलेला वेग आल्याखेरीज पुढचा चेंडू आत जाऊ न देणे, हा उपाय सर्वांत कमी खर्चाचा आहे. घाईने तो बहुधा बाजूस ठेवला जातो.

आता मूळ लगोरीकडे वळता येईल. एक टक्का वेगाची चूक आणि एक अंश कोनाची चूक ह्यांपैकी कोणती अधिक भोवेल, ह्याचे उत्तर यंत्रावर नव्हे तर लक्ष्यावर अवलंबून असते, आणि रचनाकाराने चाकाला हात लावण्यापूर्वी हे गणित केले पाहिजे. समजा, उतरंड ४ मीटरांवर आहे आणि चेंडू सुटण्याच्या उंचीवरच तिला लागावयाचा आहे. सेकंदास १० मीटर वेगाने, सुमारे साडेअकरा अंशांवर मारलेला चेंडू नेमाच्या सरळ रेषेपासून ८० सेंमीइतका खाली येतो. वेगात एक टक्का फरक झाला तर आघाताची जागा दीड सेंमीने सरकते, कोनात एक अंशाचा फरक झाला तर पावणेसात सेंमीने. अशा सपाट फेकीत वेगाची चिंता गौण. चौकट डगमगू नये, हीच मुख्य काळजी. परंतु १० मीटरांचा वेग म्हणजे नवशिक्याचा फटका. चकत्या दूर न उधळाव्यात म्हणून वेग ७ मीटरांवर आणला, तर कोन साडेसव्वीस अंशांच्या घरात जातो, चेंडू २ मीटर खाली येतो, आणि एक टक्का वेगाची चूक ४ सेंमीची होते. एक अंशाची चूक मात्र ५ सेंमीपर्यंत उतरते. मऊ फेक मागितली की वेगाचा सारखेपणा अडीचपट कसोशीने राखावा लागतो. चाळीतील नवशिका सारे बळ का लावतो, त्याचे कारण कदाचित हेच असेल : जोराचा फटका अधिक सरळ जातो, आणि नेम साधल्याचे समाधान तरी पदरात पडते.

उलट टोकास बास्केटबॉलचे कडे. २०२५ साली मंगोलियातील उलानबातर येथे हाच खेळ विषय म्हणून होता. चेंडू उंच चढवून टाकावयाचा असेल तर असा एक कोन सापडतो की ज्याभोवती थोडी चूक झाली तरी चेंडू जवळजवळ तेथेच पडतो. सपाटीवर तो ४५ अंश. लक्ष्य उंचावर असल्यास, लक्ष्याकडे पाहणारी रेषा क्षितिजाशी जितका कोन करते त्याच्या निम्म्याने अधिक. तेथे एका अंशाची चूक ६ मीटरांवर काही मिलिमीटरांचीच ठरते. वेगाच्या चुकीस मात्र क्षमा नाही : एक टक्क्याने पल्ला दोन टक्के बदलतो, म्हणजे १२ सेंमी. नेहमीच्या कड्याचा व्यास ४५ सेंमी व चेंडूचा सुमारे २४. दोहोंमधील मोकळीक लक्षात घेता हे एवढे अंतर चेंडू कडेवर आपटविण्यास पुरेसे आहे. लगोरीसाठी उत्तम ठरलेले यंत्र म्हणूनच कड्यापुढे फसू शकते, आणि त्यात यंत्राचा दोष नसतो.

शेवटी चेंडूविषयी. धोट्याच्या ठोकळ्याप्रमाणेच तोही यंत्राचा भाग आहे, हे विसरले जाते. सरावाने मऊ पडलेला चेंडू चाकांत अधिक दबतो आणि वेगळ्या वेगाने निघतो; नव्या चेंडूवर पृष्ठभागाची चकाकी असते, तो घसरतो. आंतरराष्ट्रीय सामना ऑगस्टच्या सुमारास येत असल्यामुळे मुंबईतील सराव ऐन पावसाळ्यात चालतो, आणि ओलसर तळहातांनी हाताळलेल्या चेंडूची पकड सकाळी एक व संध्याकाळी दुसरी असते. ह्यावर विद्यार्थ्यांना योजता येण्याजोगा उपाय साधा आहे : प्रत्येक चेंडूवर क्रमांक घालावा, फेकण्यापूर्वी तो कोरड्या फडक्याने पुसावा, आणि कोणत्या क्रमांकाचा चेंडू कोठे पडला ह्याची वही ठेवावी. शंभर-दोनशे नोंदी झाल्या की त्या वहीत काही चेंडू सतत अलीकडे पडलेले आढळतात. ते सामन्यास न्यावयाचे नसतात.