होडी मागें कां सरते?

धक्क्याला लागलेल्या लहानशा होडींतून उतरतांना पुष्कळांची फजिती होते. अंतर नजरेनें नेमकें हेरलेलें असतें. पण पाऊल धक्क्यावर टेकण्यापूर्वींच होडी मागें निसटते आणि उतारू मधल्या पाण्यांत जातो. बोल मात्र बिचाऱ्या नावाड्याला लागतो. वास्तविक होडी लोटलेली असते ती उतारूनेंच.

वस्तूचें वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात. न्यूटनच्या १६८७ सालच्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथांतील नियमांवरून असें निघतें कीं, बाहेरून जोर लागत नसेल तर वस्तूंच्या समूहाचा एकूण संवेग बदलत नाहीं. संवेगाला दिशाही असते. म्हणून पुढचा आणि मागचा संवेग परस्परांतून वजा होतात. होडी व उतारू प्रथम स्थिर, म्हणजे एकूण संवेग शून्य. उतारू ६० किलोंचा व होडी १२० किलोंची धरली, तर तो दोन फूट पुढें जाईपर्यंत ती एक फूट मागें गेलीच पाहिजे. तीन फुटांची ढांग धक्क्याच्या बाजूला दोनच फूट भरते, आणि तो उरलेला एक फूटच घात करतो. (पाण्याचा अडथळा थोडा असतो, पण तेवढ्या क्षणांत तो कोणाला वांचवीत नाहीं.) मोठ्या लाँचवर हा अनुभव येत नाहीं, कारण तिच्यापुढें माणसाचें वस्तुमान तें किती! आणि होडी दोरानें बांधलेली असली तर तिचा संवेग दोरामार्फत धक्क्याला, म्हणजे पर्यायानें पृथ्वीला मिळतो. पृथ्वी हललेली कोणाला दिसणार?

आतां वल्हें हरवलेला नावाडी डोळ्यांपुढें आणावा. होडींत दगड आहेत. त्यानें ४ किलोंचा दगड सेकंदाला ५ मीटर वेगानें मागें फेंकला आणि उरलेला भार २०० किलो असला, तर होडी सेकंदाला १० सेंटिमीटर वेगानें पुढें निघेल. दगड पाण्यावर आपटल्यामुळें नव्हे. तो हातांतून सुटला तेव्हांच काम झालें.

अग्निबाणाचें रहस्य हेंच. त्याचे दगड म्हणजे मागें सुटणारा तप्त वायु. तरी बाण हवेला रेटून वर चढतो, अशी समजूत फार दिवस होती. अमेरिकेंतील रॉबर्ट गॉडर्ड यांनीं हवा काढून घेतलेल्या नळकांड्यांत दारूचा स्फोट करून रेटा मोजला होता. तरीही निर्वातांत बाण चालणार नाहीं म्हणून १९२० च्या जानेवारींत 'न्यू यॉर्क टाइम्स'नें अग्रलेखांतून त्यांची टर उडविली. १६ मार्च १९२६ रोजीं त्यांचा द्रव इंधनाचा पहिला बाण सुमारें ४१ फूट उंच गेला. चंद्राकडे माणसें निघालीं १६ जुलै १९६९ रोजीं. दुसऱ्या दिवशीं त्या पत्रानें आपली चूक छापून कबूल केली. गॉडर्ड १९४५ सालींच वारले होते.