प्रणयकादंबरीचे वाचनसुख : देवगिरीच्या दोन कथांच्या आधारे

निव्वळ मनोरंजनासाठी प्रणयकादंबरी वाचणाऱ्याची मराठी समीक्षेने बहुधा उपेक्षाच केली आहे. ‘रंजनवादी’ हे विशेषण लावले की चर्चा संपते. परंतु एखादी प्रणयकथा वाचकाला तृप्त करते आणि दुसरी करीत नाही, असे का होते, हा प्रश्न वाङ्मयीनच आहे. त्याच्या उत्तरासाठी दौलताबादशी, म्हणजे प्राचीन देवगिरीशी, निगडित असलेल्या दोन प्रणयकथा उपयोगी पडतात.

पहिली अमीर खुस्रोची ‘दुवल रानी-खिज्र खान’ ही फार्सी मसनवी. गुजरातच्या कर्ण वाघेल्याची कन्या देवलदेवी विवाहासाठी देवगिरीकडे निघाली असता वेरूळच्या परिसरात पकडली गेली. दिल्लीत अल्लाउद्दीनपुत्र खिज्र खानाशी जुळलेले तिचे प्रेम खुस्रोने वर्णिले. १३१६ मध्ये काव्य मीलनाने पूर्ण झाले. मात्र खिज्र खानाचा वध झाल्यावर कवीला त्यात शोकान्ताची भर घालावी लागली.

दुसरी नारायणदासकृत ‘छिताईवार्ता’ ही जुन्या हिंदीतील कथा. देवगिरीच्या रामदेवाची कन्या छिताई हिचे चित्र पाहून अल्लाउद्दीन वेढा घालतो व तिला नेतो. तिचा पती सौंरसी जोगी होऊन वीणावादनाच्या बळावर दिल्ली गाठतो आणि सुलतान छिताईला परत करतो.

इतिहास म्हणून या कथा कितपत ग्राह्य आहेत, हा प्रश्न येथे अलाहिदा आहे. वाचनसुखाच्या दृष्टीने पाहता दुसरी कथा अधिक समाधान देते. ते केवळ शेवट गोड आहे म्हणून नव्हे. छिताईची निष्ठा आणि सौंरसीची साधना यांतून तो शेवट कमावलेला असतो. उलट देवलदेवीच्या वाट्याला निवड येते ती बंदिवासानंतर. त्यामुळे मीलनाच्या प्रसंगीही वाचकाच्या मनात शंका उरते. अडथळा खरा असणे, दोघांनाही स्वतःची इच्छा असणे आणि शेवट पात्रांच्या कृतीतून निष्पन्न होणे, ही तृप्तीची तीन अंगे होत.

यांपैकी दुसऱ्या अंगाचा अभाव आरंभीच्या मराठी कादंबरीकारांना जाचला. ‘मंजुघोषा’कार (१८६८) नारो सदाशिव रिसबूड यांनी प्रस्तावनेतच आपल्याकडील विवाहरीतीमुळे कादंबरीला रोचक विषय मिळत नाहीत, अशी अडचण मांडली. बालविवाहाच्या समाजात प्रियाराधनाला वावच नव्हता. म्हणून ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मंजुघोषा’ यांना अद्भुताचा आश्रय घ्यावा लागला. शिक्षण वाढले, विवाहाचे वय पुढे सरकले, तेव्हा ना. सी. फडके यांच्या ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९) यांसारख्या कादंबऱ्यांतील सुशिक्षित तरुण-तरुणींचे प्रेम वाचकाला संभाव्य वाटू लागले. प्रणयकादंबरीची वाढ ही अशा रीतीने स्त्रीच्या इच्छेला मिळालेल्या सामाजिक मान्यतेशी बांधलेली आहे.

या वाचनाकडे संशयाने पाहणारी दृष्टी न्यायालयापर्यंतही पोहोचली. चंद्रकांत काकोडकर यांची ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ ही कथा उच्च न्यायालयाने अश्लील ठरविली; सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो निर्णय फिरविला. सुटी वाक्ये न वेचता संपूर्ण कृती पाहावी, हे त्यातील तत्त्व समीक्षेनेही स्वीकारण्याजोगे आहे.

वाचनालयाच्या कपाटापुढे उभ्या राहणाऱ्या वाचकाला यातून एक साधा निकष मिळतो. मुखपृष्ठ, लेखकाची ख्याती वा शेवटचे पान यांपेक्षा मधल्या एखाद्या प्रकरणात नायिकेला नकार देण्याची मुभा आहे काय, हे पाहावे. जिचा नकार संभवतो, तिच्याच होकाराला मोल असते. आणि त्या होकाराची वाट पाहण्यातच प्रणयकादंबरीच्या वाचनाचे खरे सुख सामावलेले आहे.