तू, ती आणि तो एकाच रेघेवर

मोबाइलच्या इंग्रजी कळफलकावर टी, वाय, यू, आय, ओ ही अक्षरं वरच्या ओळीत लागोपाठ येतात. त्यामुळे रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना ‘तू’, ‘ती’ आणि ‘तो’ या तिन्ही शब्दांसाठी बोट एकाच सरळ रेघेत जातं. ते कुठे उचललं, एवढाच फरक. बोट सरकवत लिहायला, म्हणजे ग्लाइड टायपिंग शिकायला निघालेले अनेकजण इथेच कंटाळतात. पण चूक त्यांच्या बोटाची नसते. शब्दच आखूड असतात.

शुमिन झाय आणि पेर ओला क्रिस्टेन्सन यांनी आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेतलं या पद्धतीवरचं संशोधन २००३ मध्ये मांडलं. २०१२ मध्ये ती अँड्रॉइडच्या मूळ कळफलकातच आली. यात कळफलक सुटी अक्षरं वाचत नाही. शब्दातल्या कळांच्या मध्यांतून जाणारी रेघ तो गृहीत धरतो, तुमची रेघ आकाराने आणि जागेने कोणत्या शब्दाशी जुळते ते ताडतो आणि आधीच्या शब्दांचा संदर्भही जमेस धरतो.

आता ‘जळगाव’ काढून पाहा. जे, तिथून डाव्या टोकाला ए, उजव्या टोकाला एल, परत मागे जी, पुन्हा ए, मग वर ओ आणि खाली एन. इतका वळणावळणाचा आकार दुसऱ्या शब्दाचा सहसा नसतो. एखादी कळ थोडी हुकली तरी शब्द बहुधा बरोबर उमटतो. म्हणून सरावाची सुरुवात लांब शब्दांनी करावी: एरंडोल, अमळनेर, चाळीसगाव, रोजचं आडनाव. ‘तू’, ‘ती’, ‘तो’ खुशाल कळा दाबून लिहावेत.

सुरुवातीला वेगाच्या मागे लागू नका. वळणं नीट घ्या. शब्द पुरा होईपर्यंत बोट उचलायचं नाही. उचललं की पुढच्या शब्दाआधीची मोकळी जागा आपोआप सुटते. ‘अण्णा’मधल्या जोड एनसाठी थांबायची गरज नाही. शब्द चुकला तर त्याची अक्षरं दुरुस्त करत बसू नका. तो पुसून नव्याने काढा, कारण बोटाला आकाराचीच सवय लावायची आहे. ती लागली की कळा शोधाव्या लागत नाहीत.

ज्यांना रोमन नकोच, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईत प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने केलेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक आहे. त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं आणि हव्या त्या स्वराकडे बोट सरकवायचं असतं.

खानदेशातली खरी अडचण वेगळीच आहे. अहिराणीत मुलगा म्हणजे ‘आंडोर’ आणि मुलगी म्हणजे ‘आंडेर’. डी नंतर एका शब्दात बोट उजवीकडे ओ पर्यंत जातं, तर दुसऱ्यात शेजारच्या ई वर. दोन्ही आकार स्पष्ट वेगळे आहेत. तरीही शब्द उमटत नाही, कारण शब्दसंग्रहात जे नाही ते कळफलक सुचवूच शकत नाही. लेवा गणबोलीतल्या खास शब्दांनाही हीच अडचण येते.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. असे शब्द आधी अक्षर-अक्षर दाबून लिहा आणि सेटिंगमधल्या वैयक्तिक शब्दकोशात घाला. धुळ्या-जळगावच्या वाचकांनी घरच्या ग्रुपवर अहिराणीतच लिहावं आणि आजी-आजोबांच्या तोंडचे शब्द आपापल्या फोनमध्ये आजपासून भरायला घ्यावेत.