तयार तुकड्यांची गोधडी परवडते का?

आमच्या घरात एकाच वस्तूला चार नावे आहेत. सासूबाई बैलहोंगलकडच्या, त्या कौदी म्हणतात. माझी आई चंदगड भागातली, ती वाकळ म्हणायची. मी पुस्तकी मराठीत गोधडी म्हणते आणि कॉलेजात जाणारी मुलगी क्विल्ट म्हणते. नावावरून वाद नाही. वाद झाला तो मुलीने मोबाईलवरून मागवलेल्या एका पाकिटावरून.

पाकिटात कापडाचे ४२ चौकोन होते. प्रत्येक चौकोन पाच इंच बाय पाच इंच, कडा नागमोडी कात्रीने कापलेल्या, रंग एकमेकांशी जुळणारे. किंमत ५२५ रुपये. सासूबाईंनी (घरात आम्ही सगळेच त्यांना अज्जी म्हणतो) एक तुकडा बोटांत चोळून पाहिला आणि विचारले, "चिंध्यांना पैसे? अय्यो, टेलर लोक फुकट देतात की गं!"

पण पाकीट मागवण्याला कारण होते. धारवाडला दिलेल्या माझ्या भाचीला पहिले बाळ झाले होते. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाच्या बारशाला अज्जींच्या हातचे दुपटे गेलेले आहे. अज्जी ८१ वर्षांच्या. मोतीबिंदू काढल्यापासून नजर बरी आहे, सुई धरता येते, पण उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा सुजलेला. कात्री दाबली की कळ मस्तकात जाते. त्यामुळे दोन वर्षे त्यांनी शिवायला काही घेतले नव्हते. विचारले तर "आता साकु" म्हणायच्या. हे पणतवंड मात्र कौदीवाचून राहणार, हे त्यांच्या मनाला लागले होते. मुलीने तेवढे ओळखले आणि कापून तयार असलेले तुकडे मागवले.

आता प्रश्न असा, की हे तुकडे घेण्यात शहाणपण आहे का? मी काही शिवणकामाची तज्ज्ञ नाही, पण घरखर्चाचा हिशेब मला येतो. म्हणून एका रविवारी वही घेऊन बसले.

पाच इंची ४२ चौकोन म्हणजे १०५० चौरस इंच कापड. ४४ इंची पन्ह्याचे एक मीटर कापड सुमारे १७३२ चौरस इंच भरते. म्हणजे पाकिटात जेमतेम ६० सेंटीमीटर कापड. तशाच पोताचे छापील सुती कापड आम्हाला खडे बाजारात २२० रुपये मीटरने मिळाले. त्या भावाने पाकिटातले कापड १३३ रुपयांचे. उरलेले सुमारे ३९० रुपये कापण्याचे, रंग निवडण्याचे आणि पाकिटाचे.

त्यात शिवणीचा हिशेब वेगळा. प्रत्येक बाजूला पाव इंच माया सोडावी लागते. (शिवणातल्या या शब्दाइतका गोड शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असे मला वाटत नाही.) पाच इंची चौकोन शिवून झाला की साडेचार इंची उरतो. क्षेत्रफळ २५ चौरस इंचांवरून सव्वावीसवर येते. विकत घेतलेल्या कापडाचा जवळजवळ पाचवा हिस्सा शिवणीच्या पोटात जातो. अमेरिकेत अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी मिळते, तिला तिकडे जेली रोल म्हणतात. तिचेही तेच, पट्टी शिवल्यावर दोन इंचांची राहते. तुकडा जितका लहान, तितके कापड मायेत जास्त जाते, आणि पाकिटे तर लहान तुकड्यांचीच असतात.

बाळाच्या दुपट्याला ३६ बाय ४५ इंच माप पुरते. आठ चौकोन आडवे, दहा उभे, एकूण ८०. म्हणजे दोन पाकिटे, १०५० रुपये. तेच कापड मीटरने आणले तर? इथे एक गंमत कळली. आपण दुकानात सवयीने "पाव मीटर द्या" म्हणतो. पाव मीटर म्हणजे २५ सेंटीमीटर, म्हणजे ९.८४ इंच. पाच इंची चौकोनांची एक ओळ निघते आणि दुसरी ओळ अगदी थोडक्यात हुकते. आठच चौकोन मिळतात, उरलेले वाया. त्याऐवजी ३० सेंटीमीटर मागितले तर दोन ओळी सुखाने निघतात, १६ चौकोन. पाच छापांचे ३०-३० सेंटीमीटर घेतले की ८० चौकोन पुरे. दीड मीटर कापड, ३३० रुपये.

३३० आणि १०५०. इथेच वही मिटावी, असे कोणालाही वाटेल. पण ३३० रुपयांत पाचच छाप मिळतात. आमच्या पाकिटात एकवीस छाप होते, प्रत्येकाचे दोन तुकडे. एकवीस छाप दुकानातून आणायचे तर ३० सेंटीमीटरनेही सहा मीटरच्या वर कापड घ्यावे लागेल, आणि चौकोन निघतील तीनशेच्या वर. ८० चौकोनांसाठी तेवढे कोण घेईल? अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकही तुकडा दुसऱ्यासारखा नसलेल्या गोधड्या करण्याची हौस होती. त्यांना चार्म क्विल्ट म्हणत. त्यासाठी बायका मैत्रिणींशी तुकड्यांची देवाणघेवाण करत. आज पाच इंची चौकोनांच्या पाकिटाला तिकडे चार्म पॅक म्हणतात ते याच चालीवरून. देवाणघेवाण थांबली, पाकीट आले.

आपल्याकडच्या कौदीला मापाचे चौकोन लागतच नाहीत. खानापूरच्या पलीकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी बायकांच्या गोधड्या मी पाहिल्या आहेत. जुने लुगडे खाली अंथरायचे, एका कोपऱ्यापासून कडेने तुकडे लावत निघायचे आणि धावदोऱ्याने फिरत फिरत मध्यापर्यंत पोचायचे. तुकडा हाताला येईल तसा, कडा आत दुमडून. चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्या घातलेले तुकडे लावतात, त्यांना फुले म्हणतात. फुलांशिवाय गोधडी उघडी, असे तिकडे मानतात. अशा कामाला पाच इंची पाकीट घेणे म्हणजे रांगोळीला फूटपट्टी लावणे. माझे स्पष्ट मत सांगते: पारंपरिक कौदी किंवा वाकळ करणार असाल तर तयार तुकड्यांवर एक रुपयाही घालू नका. जुनी साडी, धोतर, सदरा यांचे आटायचे ते आटून झालेले असते, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. नव्या कापडाची ती खात्री नसते.

याच खात्रीपायी माझ्या हातून घोटाळा झाला. नवे कापड शिवण्याआधी धुवायचे, हा आमच्या घरचा नियम. पहिले पाकीट मी मशीनमध्ये टाकले. बाहेर निघाला तो दोऱ्यांचा एक गुंता, त्यात कापडाचे तुकडे अडकलेले. ११ चौकोन कामातून गेले. बाकीच्यांच्या कडा विसविशीत झाल्या, पण शिवणीत झाकल्या जातील एवढ्याच. पाकिटातल्या चिठ्ठीवर 'धुऊ नये' असे छापलेले होते. प्राध्यापक बाईंनी ती चिठ्ठी वाचली नव्हती. मुलीने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, तो अजून तिथे आहे.

तुकडे धुता येत नाहीत, ही त्यांची मोठीच अडचण आहे. लाल किंवा गडद निळा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला तर सगळ्या कष्टांचे पाणी होते. निदान एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून पाहावा. आणि टेप लावून मोजावे. नागमोडी कडेचे पाच इंच टोकापासून धरायचे की खाचेपासून, हे प्रत्येक बनवणारा आपापले ठरवतो. दोन वेगळ्या ठिकाणची पाकिटे एकत्र शिवाल तर हा फरक अंगाशी येतो.

दोन पाकिटांतले ७३ चौकोन उरले. सात कमी पडले. सात चौकोनांसाठी तिसरे पाकीट, म्हणजे चौकोनाला ७५ रुपये! अज्जी काही न बोलता उठल्या आणि ट्रंकेतून त्यांची शहापूरची जुनी सुती साडी आणि मामंजींचा एक पांढरा सदरा घेऊन आल्या. कापायचे मी.

ते सात चौकोन कापताना मला त्या ३९० रुपयांचा अर्थ कळला. जुने कापड हाताखालून सरकते. पुठ्ठ्याचा साचा करून खडूने आखले तरी पहिले दोन तिरके गेले. मग अज्जींच्या सांगण्यावरून कापडाला खळ देऊन, इस्त्री करून, उभा-आडवा धागा बघून कापले, तेव्हा जमले. एक चौकोन एक सूत चुकला तर डोळ्याला दिसत नाही. पण रांगेत दहा चौकोन असतील आणि प्रत्येक एक एक सूत मोठा निघाला, तर ती रांग सव्वा इंच लांब होते आणि शेजारच्या रांगेशी तिचे जोड काही केल्या जुळत नाहीत. टेलरकडच्या फुकट कात्रणांची तीच गत. ती उरेब कापलेली असली की शिवताना ताणतात, शिवाय सुतीत टेरिकॉट मिसळलेले असते. मापात आणि सरळ धाग्यावर कापलेला तुकडा ही खरोखर विकत घेण्यासारखी गोष्ट आहे. ज्याचा हात कात्रीवर बसलेला नाही, किंवा ज्याच्या हाताला आता कात्री पेलत नाही, त्याने लहान दुपट्यापुरते किंवा उशीच्या अभ्र्यापुरते हे पैसे जरूर द्यावेत.

मोठ्या कामाला मात्र नाही. पुढे दिरांच्या घरासाठी पलंगावरची गोधडी करायची ठरली. साधारण ६० बाय ९० इंचांना २६० चौकोन लागतात. सात पाकिटे घेतली असती तर ३६७५ रुपये झाले असते. आम्ही अकरा छापांचे अर्धा अर्धा मीटर कापड आणले, १२१० रुपयांचे. ते धुऊन, वाळवून, इस्त्री करून गल्लीतल्या टेलरमामांकडे दिले. त्यांनी थप्प्या लावून एका दुपारी २६४ चौकोन कापले आणि १५० रुपये घेतले. थप्पीतला सगळ्यांत खालचा तुकडा किंचित मोठा येतो, हे त्यांनीच सांगितले, म्हणून एका थप्पीत चारच थर ठेवले. कापण्याचेच पैसे द्यायचे, तर ते गल्लीत देता येतात हे मला आधी सुचले नव्हते.

भाचीचे दुपटे बारशाच्या आदल्या रात्री पुरे झाले. आत मामंजींच्या धोतराचे दोन पदर, वर ८० चौकोन. अज्जींनी ते सात जुने चौकोन एकत्र न लावता लांब लांब पेरले होते. धारवाडला विहीणबाईंनी दुपटे हातात घेतले, एका टोकापासून बोटे फिरवत गेल्या आणि सदऱ्याच्या तुकड्यावर थांबल्या. "हे मऊ कुठलं हो?" त्यांनी कन्नडमधून विचारले. अज्जींनी सांगितले.

बाळ आता नऊ महिन्यांचे आहे. दुपटे कितीदा धुतले त्याची मोजदाद नाही. एका तांबड्या चौकोनाने शेजारच्याला थोडा रंग दिलाच. अज्जींनी दुसरे दुपटे धरले आहे, कोणासाठी ते सांगत नाहीत. परवा बाजाराला निघाले तर म्हणाल्या, "पाकीट नको आणू. पांढऱ्या दोऱ्याचं मोठं रीळ आण, आणि टेलरला विचार, शनिवारी मोकळा आहे का."