देव, यशवंत
(१ नोव्हेंबर १९२६–३० ऑक्टोबर २०१८). मराठी भावगीताच्या क्षेत्रातील श्रेष्ठ संगीतकार, गायक, गीतकार व संगीतविषयक लेखक. जन्म रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण येथे. आरंभी ते सतारवादनाकडे वळले व सतारवादक म्हणूनच त्यांचा आकाशवाणीशी संबंध आला. पुढे संगीतरचनेचे काम त्यांनी आकाशवाणीवर दीर्घकाळ केले. चित्रपटसंगीतकार अनिल विश्वास (१९१४–२००३) यांना ते गुरुस्थानी मानीत. आकाशवाणीवरील लोकप्रिय नाट्यकलावंत करुणा देव (पूर्वाश्रमीच्या नीलम प्रभू) या त्यांच्या पत्नी होत.

ध्वनिमुद्रिका व नभोवाणी या दोन माध्यमांच्या आश्रयाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात मराठी भावगीत रुजले. गो. ना. जोशी, गजानन वाटवे प्रभृतींनी कवितेला सुलभ व भावानुकूल चाली देऊन ते घरोघरी पोहोचविले. देव यांची पिढी त्यानंतरची. या पिढीपुढे एक प्रश्न उभा होता : कविता गायली जाते तेव्हा ती कवीची राहते, की केवळ गळ्याचे कौशल्य दाखविण्याचे निमित्त ठरते? देव यांच्या संगीतकार्याचा मोठा भाग म्हणजे या प्रश्नाचे उत्तर होय. त्याला त्यांनी ‘शब्दप्रधान गायकी’ असे नाव दिले. याच शीर्षकाचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे.

ख्यालगायनात बंदिशीचे शब्द मोजके असतात. रागविस्तारात ते पुनःपुन्हा येतात, लांबतात, प्रसंगी विरघळूनही जातात आणि तसे होण्याने तेथे रसहानी होत नाही. भावगीताची गोष्ट वेगळी आहे. त्यात एक संपूर्ण कविता काही मिनिटांत श्रोत्यापर्यंत पोहोचवावयाची असते आणि एखादा शब्द निसटला, तर अर्थाचा धागाच तुटतो. म्हणून चाल बांधताना सम कोणत्या शब्दावर यावी, श्वास कोठे घ्यावा, ऱ्हस्व-दीर्घ कितपत सांभाळावे, यांचा निर्णय अर्थाच्या आधारे करावा लागतो. ‘पावसात’ हा शब्द तालाच्या सोयीसाठी ‘पाव’ आणि ‘सात’ असा तुटला, तर सूर निर्दोष असूनही कविता हास्यास्पद होते. तसेच ‘तू आलास’ या दोनच शब्दांतून आनंद, प्रश्न किंवा उपरोध व्यक्त होऊ शकतो. छापील पानावर हा भेद संदर्भाने कळतो. गाण्यात तो स्वरांच्या चढउतारांनी व शब्दावरील आघाताने दाखवावा लागतो. अशा गायनाला स्वतंत्र शिस्त व स्वतंत्र रियाज लागतो, ते शास्त्रीय संगीताची सोपी आवृत्ती नव्हे, हा देव यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे.

या दृष्टीला अनुरूप असे सहकारी त्यांना लाभले. कवी मंगेश पाडगावकर (१९२९–२०१५) यांच्याशी त्यांचे सहकार्य प्रदीर्घ व फलदायी ठरले. पाडगावकरांची शब्दकळा बोलीच्या जवळची व लयबद्ध असल्याने तिला केरवा, दादरा यांसारख्या तालांत बसविणे कठीण नव्हते. कठीण होते ते तिच्यातील सहजता न गमावणे. ‘भातुकलीच्या खेळामधली’ या कथागीतात निवेदक, राजा व राणी असे तीन आवाज आहेत. त्यांच्यासाठी वेगवेगळ्या चाली न योजता एकाच चालीत, उच्चाराच्या फरकाने, ते जाणवावेत अशी ही रचना आहे. ‘या जन्मावर, या जगण्यावर’, ‘दिवस तुझे हे फुलायचे’, ‘अखेरचे येतील माझ्या’ ही या जोडीची आणखी काही गीते. ती गाणारे अरुण दाते (१९३४–२०१८) मूळचे इंदूरचे. तानांचा सोस नसलेला त्यांचा मृदू व संयत आवाज देव यांच्या चालींना विशेष मानवला. शांता शेळके यांचे ‘असेन मी, नसेन मी’ हे गीतही दाते यांनी देव यांच्या संगीतात गायले. स्वतः थोर संगीतकार असलेल्या सुधीर फडके यांनी देव यांच्या चालीत ‘अशी पाखरे येती’ हे गीत गायले, तर ज. के. उपाध्ये यांची ‘विसरशील खास मला’ ही कविता आशा भोसले यांच्या स्वरात अजरामर झाली.

देव स्वतः गीतकारही होते. कामापुरता मामा (१९६५) या चित्रपटातील, लता मंगेशकर यांनी गायलेल्या ‘जीवनात ही घडी’ या गीताचे शब्द व संगीत दोन्ही त्यांचेच आहे. ‘स्वर आले दुरुनी’ या गीतात मात्र ते केवळ गीतकार आहेत. त्याचे संगीत प्रभाकर जोग यांचे व गायन सुधीर फडके यांचे. अशा प्रकारे कवी, चालकार व गायक या तिन्ही भूमिकांचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. शब्दांविषयीचा त्यांचा आग्रह त्यामुळे कोरडा सिद्धांत राहिला नाही.

शब्दाला अग्रस्थान दिल्यास गाणे म्हणजे सुरेल कवितावाचन होईल, असा आक्षेप या भूमिकेवर घेता येतो. मर्यादित प्रतिभेच्या रचनाकारांच्या बाबतीत तो खराही ठरतो. देव यांच्या उत्तम चाली मात्र वाद्यावर, शब्दांवाचून ऐकल्या तरी गोड वाटतात. शब्दप्राधान्य म्हणजे स्वराचे दारिद्र्य नव्हे, हे त्यांच्या रचनांनीच सिद्ध केले आहे. कार्यशाळांच्या द्वारे त्यांनी अनेक नवोदित गायकांना या गायकीचे शिक्षण दिले. महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना लाभला.

मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, मे महिन्यात, अरुण दाते निवर्तले होते. पाडगावकर तीन वर्षांपूर्वीच गेले होते. कविता ऐकताना ती कळली पाहिजे, ही श्रोत्याची साधी अपेक्षा या तिघांनी कलात्मक निकष म्हणून प्रतिष्ठित केली. मराठी भावगीताच्या इतिहासात देव यांचे स्थान त्यामुळे चालकारापुरते मर्यादित राहत नाही. या प्रकाराला स्वतःचे शास्त्र देणारा विचारवंत म्हणूनही ते महत्त्वाचे ठरतात.